दुसऱ्या श्रेणीचा घाट चढलो, मग चौथ्या श्रेणीच्या चढावर का उतरावे लागले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ चिपळूणजवळ राहतात आणि त्यांनी सहा महिन्यांपूर्वी गियरची सायकल घेतली. पुढचे लहान चक्र ३४ दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठे २८ दात्यांचे आहे. कुंभार्ली घाट ते कुठेही न उतरता चढले, पण त्यांच्याच तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, येणारा जेमतेम सव्वा किलोमीटरचा चढ त्यांना सायकल ढकलत पार करावा लागला. फोनमधले ॲप मात्र कुंभार्लीला दुसरी श्रेणी देते आणि त्या छोट्या चढाला चौथी, म्हणजे सर्वांत सोपी. "श्रेणी चुकली आहे की माझे पाय?" असे ते विचारतात. पुढच्या महिन्यात त्यांना गुहागरहून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीला जायचे आहे. त्या वाटेवर वरच्या श्रेणीचा एकही चढ दिसत नाही, तेव्हा तो प्रवास सोपा समजावा का, असा त्यांचा दुसरा प्रश्न आहे.

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यात धोका आहे. तो प्रवास सोपा समजू नका. तसे का, हे पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून उलगडत जाईल. गेली चौदा वर्षे मी कोकणातले घाट आणि खाड्यांकाठचे रस्ते सायकलने फिरतो आहे आणि नव्या मंडळींना सोबत नेतो आहे. श्रेणीचा आकडा पाहून निर्धास्त झालेली माणसे नेमकी किनाऱ्याच्या रस्त्यावर अडकलेली मी अनेकदा पाहिली आहेत. तुमचे पाय चुकलेले नाहीत आणि ॲपचे गणितही चुकलेले नाही. तुम्ही त्या आकड्याला जो प्रश्न विचारत आहात, त्याचे उत्तर देण्यासाठी तो आकडा बनलेलाच नाही.

श्रेण्यांची पद्धत शर्यतींमधून आली. टूर द फ्रान्समध्ये डोंगरचढाईसाठी वेगळे गुण द्यायला १९३३ साली सुरुवात झाली, त्यात आघाडीवर असणाऱ्याची लाल ठिपक्यांची जर्सी १९७५ साली आली आणि सर्वांत अवघड चढांसाठी 'श्रेणीबाहेरचा' हा वर्ग १९७९ पासून सुरू झाला. त्याखाली पहिली ते चौथी अशा चार श्रेण्या असतात आणि चौथी सर्वांत हलकी असते. गाडी कोणत्या गियरमध्ये चढते त्यावरून या श्रेण्या ठरवल्या गेल्या, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. ती आख्यायिकाच समजावी. प्रत्यक्षात तिथे आयोजक विचारपूर्वक निर्णय घेतात. चढाची लांबी आणि तीव्रता तर ते पाहतातच, पण तो चढ त्या दिवसाच्या टप्प्यात कुठे येतो याकडेही त्यांचे लक्ष असते. सकाळी ताज्या पायांनी गाठलेला चढ आणि दीडशे किलोमीटरनंतर अखेरीस येणारा तोच चढ यांना वेगळी श्रेणी मिळू शकते. गुण कुठे आणि किती द्यायचे, यासाठी ती व्यवस्था आहे. नवख्या माणसाला तो चढ झेपेल की नाही हे सांगणे हा तिचा हेतू कधीच नव्हता.

ॲपला असा विचार करता येत नाही, म्हणून ते एक साधा गुणाकार करते. स्ट्रावा या सायकलस्वारांच्या ॲपची रीत अशी आहे: चढाची मीटरमधली लांबी गुणिले सरासरी चढ टक्क्यांमध्ये. गुणाकार ८,००० च्या वर गेला तर चौथी श्रेणी, १६,००० च्या वर तिसरी, ३२,००० च्या वर दुसरी, ६४,००० च्या वर पहिली आणि ८०,००० च्या वर श्रेणीबाहेरचा. सरासरी चढ किमान ३ टक्के असला पाहिजे, एवढी एकच अट आहे. आता हा गुणाकार नीट पाहा. एक टक्का चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर जाणे. तेव्हा लांबीला टक्क्यांनी गुणले की जे येते ते म्हणजे एकूण चढलेल्या उंचीची शंभरपट. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर ८० मीटर उंची म्हणजे चौथी श्रेणी, १६० म्हणजे तिसरी, ३२० म्हणजे दुसरी, ६४० म्हणजे पहिली आणि ८०० च्या पुढे श्रेणीबाहेर. तीन टक्क्यांची अट एकदा पूर्ण झाली की चढ किती उभा आहे याचा श्रेणीशी काहीही संबंध उरत नाही. सोळा किलोमीटर ४ टक्क्यांनी चढा किंवा आठ किलोमीटर ८ टक्क्यांनी चढा, दोन्ही गुणाकार ६४,००० येतात आणि दोन्हींना एकच दर्जा मिळतो. ज्याने हे दोन्ही प्रकार चढून पाहिले आहेत, त्याला त्यांतला फरक सांगावा लागत नाही.

कोकणात हा फरक अधिकच ठळक होतो आणि त्याचे कारण आपल्या रस्त्यांच्या घडणीत आहे. सह्याद्रीतले मोठे घाटरस्ते आधी बैलगाडीसाठी आणि पुढे मालमोटारीसाठी आखले गेले. आंबोलीचा रस्ता ब्रिटिश काळात वेंगुर्ला बंदरातून बेळगावच्या छावणीकडे माल नेण्यासाठी वापरात होता. भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलांना झेपेल एवढाच उतार तिथे ठेवणे भाग होते. आजही भारतीय रस्ते काँग्रेस या रस्तेबांधणीच्या संस्थेच्या निकषांनुसार डोंगराळ भागातल्या रस्त्याचा सर्वसाधारण चढ ५ टक्क्यांपर्यंत, अडचणीच्या जागी ६ आणि अगदी अपवाद म्हणून ७ टक्क्यांपर्यंत ठेवतात. फारच उभ्या डोंगरात यात एकेक टक्क्याची भर घालतात. तीव्र वळणांवर तर चढ मुद्दाम आणखी कमी करतात. म्हणून घाट कितीही उंच दिसला तरी तो लांबत जातो, नागमोडी होतो, पण सहसा उभा होत नाही. खाडीतून सड्यावर जाणाऱ्या गावरस्त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतले कित्येक रस्ते जुन्या पाखाडीच्या वाटेनेच वर गेले आहेत. पाखाडी माणसाच्या पायांसाठी होती, तिला पायऱ्या होत्या आणि तिला वळसा घेण्याची गरज नव्हती. पायऱ्यांवर माती पडली, मग खडी आली, मग डांबर आले, पण चढ बहुतेक तोच राहिला. रस्त्याच्या कडेला जांभ्याच्या जुन्या पायऱ्या झुडपांत शिरताना दिसल्या, तर पुढचे वळण उभे असणार हे मी आता गृहीतच धरतो.

आता तुमच्या सायकलचे गणित करू, कारण खरे उत्तर तिथे आहे. ३४ आणि २८ दात्यांच्या जोडीने पेडलचा एक फेरा पूर्ण झाला की सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे ही चढावर पाय सुखाने फिरण्याची माझ्या मते किमान मर्यादा आहे. त्या गतीने तुमचा वेग ताशी ९ किलोमीटरच्या थोडा वर असेल. तुम्ही, सायकल आणि पाणी मिळून ८५ किलो वजन धरले, तर ५ टक्के चढावर हा वेग राखायला साधारण १२० वॅट लागतात. सहा महिने नियमित सायकल चालवणाऱ्या निरोगी माणसाला एवढी ताकद तासभर देता येणे शक्य आहे, आणि त्या गतीने पाचशे मीटर उंची तासाभरात किंवा थोड्या जास्त वेळात पार होते. तुमचा कुंभार्ली असाच पार पडला असणार. १० टक्के चढावर त्याच गियरमध्ये, त्याच ६० फेऱ्यांना साधारण २२५ वॅट लागतात. तेवढी ताकद तुमच्याकडे नसेल, तर वेग कमी करावा लागतो. पण याहून हलका गियर नसल्यामुळे वेग कमी करणे म्हणजे फेरे कमी करणे. ५० फेऱ्यांवरही जवळपास १९० वॅट लागतातच. पुढे फेरे ४० वर येतात, प्रत्येक फेऱ्याला पेडल अडते, मांड्या भरून येतात, सायकल डावीकडे-उजवीकडे हेलकावू लागते आणि शेवटी पाय खाली टेकतो.

घाटात तुमच्याकडे हळू जाण्याची मुभा होती, त्या चढावर ती नव्हती. माझ्या अनुभवात, चढावर माणूस उतरतो तो बहुतेक वेळा दम संपल्यामुळे उतरत नाही, गियर संपल्यामुळे उतरतो. म्हणून 'हा चढ कोणत्या श्रेणीचा' यापेक्षा 'या चढाचा सर्वांत उभा अर्धा किलोमीटर किती टक्के आहे आणि माझा सर्वांत हलका गियर तिथे मला किती हळू जाऊ देतो' हा प्रश्न स्वतःला विचारावा.

यात आणखी एक गोष्ट मिसळते, जी कोणत्याही सूत्रात येत नाही. कुंभार्लीचा चढ सुरू होण्याआधी चिपळूणहून पोफळीपर्यंत पाय चांगले मोकळे झालेले असतात. खाडीच्या चढाआधी मात्र बहुधा आपण थांबलेलो असतो. फेरीबोटीचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तुम्ही जयगडहून तवसाळला किंवा दाभोळहून धोपाव्याला येत आहात. सायकल कठड्याला टेकवून तुम्ही पाण्याकडे पाहत उभे आहात. घाम वाऱ्यावर सुकला आहे, पाय थंड पडले आहेत. बोट धक्क्याला लागते, पुढची लोखंडी झडप खडखडत खाली येते, दुचाकीवाले आधीच गाड्या सुरू करून बसलेले असतात आणि मागच्या मोटारीचा चालक तुम्ही हलण्याची वाट पाहत असतो. धक्क्याचा उतरता भाग ओला असतो, भरतीची रेष असते तिथे शेवाळ असते. तो भाग तुम्ही घाईत ओलांडता आणि रस्ता लागलीच वर उठतो. त्या घाईत माणूस मधल्याच गियरवर असतो. पुढे चढावर जोर देत गियर बदलायला गेले की चेन कुरकुरते, कधी उतरते. माझ्यासोबत आलेल्या एका मुलीची चेन अशाच एका चढावर पुढच्या चक्रावरून निसटून आत अडकली आणि ती जागच्या जागी कलंडली. सुदैवाने मागे वाहन नव्हते. तेव्हापासून माझा नियम आहे. बोट धक्क्याला लागण्यापूर्वी मागचे चाक उचलून, पेडल हाताने फिरवून सर्वांत हलका गियर लावून ठेवायचा, सर्व गाड्या पुढे जाऊ द्यायच्या आणि दोन मिनिटे सपाटीवर पाय फिरवून मगच वर निघायचे.

तुम्हाला आकडाच हवा असेल, तर दोन चढांची तुलना करायला मी डच सायकल मासिक 'फिट्स'च्या नावाने ओळखला जाणारा निर्देशांक वापरतो. त्यात उंचीचा वर्ग करायचा आणि त्याला लांबीच्या दहापटीने भागायचे, दोन्ही मापे मीटरमध्ये. माथा समुद्रसपाटीपासून १,००० मीटरच्या वर असेल, तर वरच्या प्रत्येक हजार मीटरला एक या प्रमाणात भर घालायची. कोकणातून चढणाऱ्या बहुतेक घाटांना ही भर लागतच नाही. उंचीचा वर्ग होत असल्यामुळे उभ्या चढाला इथे न्याय मिळतो. समजा, १५ किलोमीटरमध्ये ६०० मीटर चढणारा एक घाट आहे. त्याचा निर्देशांक २.४ येतो. सव्वा किलोमीटरच्या आतबाहेरचा, १,२०० मीटरमध्ये १२० मीटर वर जाणारा खाडीचा चढ घेतला, तर त्याचा निर्देशांक १.२ येतो. ॲपच्या गुणाकारात पहिला दुसऱ्याच्या पाचपट आहे, ६०,००० विरुद्ध १२,०००. या निर्देशांकात तो फक्त दुप्पट आहे. पायांना जे जाणवते, त्याच्या हे पुष्कळ जवळ आहे. परिमाण म्हणून ध्यानात ठेवायचे, तर फ्रान्समधला आल्प द्युएझ हा १३.८ किलोमीटरचा, सरासरी ८.१ टक्क्यांचा प्रसिद्ध चढ याच हिशेबाने नऊच्या वर जातो.

हाही निर्देशांक सरासरीवरच उभा आहे आणि सरासरी फसवते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर आहे आणि महाबळेश्वरची उंची १,३५० मीटरच्या आसपास आहे. एवढी उंची एवढ्या अंतरावर पसरली की सरासरी तीन टक्क्यांच्या थोडी वर येते. आकडा पाहून वाटते की हा तर सौम्य रस्ता. पण त्या ४० किलोमीटरमध्ये सपाटीचे भागही आले आणि खऱ्या चढाचे भागही, आणि पाय सपाटीवर दुखत नाहीत. चढ कुठून सुरू झाला असे धरायचे, यावरही आकडा हलतो. आंबोली ६९० मीटरवर आहे. तिचा चढ तुम्ही सावंतवाडीपासून मोजता की दाणोलीपासून, त्यानुसार लांबी आणि सरासरी दोन्ही बदलतात, रस्ता मात्र तोच असतो. म्हणून मी सरासरी बाजूला ठेवून चढाचा आलेख अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरने वाचतो.

आलेख वाचताना 'कमाल चढ २४ टक्के' असे काही दिसले, तर लगेच घाबरू नका. डोंगराच्या कुशीत, दाट झाडीखाली उपग्रहाचा संकेत डगमगतो आणि नकाशावरची रेघ रस्त्यावरून सरकून बाजूच्या दरडीवर चढते. हवेच्या दाबावर उंची मोजणारी यंत्रे या बाबतीत बरी, पण पाऊस जवळ आला आणि दाब उतरला की तीही चुकतात. घरून निघून घरीच परतल्यावर सुरुवातीच्या आणि शेवटच्या उंचीत तीस-चाळीस मीटरचा फरक मी स्वतः पाहिला आहे. दहा-वीस मीटरच्या तुकड्यावरच्या टक्क्यांना म्हणूनच फारसा अर्थ नसतो.

आता गुहागर ते रत्नागिरीकडे येऊ. या किनाऱ्याचा स्वभाव असा आहे की रस्ता सड्यावरून खाली उतरतो, व्हाळ (ओढा) किंवा खाडी ओलांडतो आणि पुन्हा सड्यावर चढतो. तुम्ही दिवसभरात शंभर-शंभर मीटरचे आठ चढ केलेत, तर एकूण उंची ८०० मीटर होते, म्हणजे ॲपच्या हिशेबाने श्रेणीबाहेरच्या घाटाइतकी. पण आठही चढ सुटेसुटे मोजले जात असल्यामुळे तुमच्या नोंदीत चौथ्या श्रेणीच्या पुढे काहीच दिसत नाही, आणि ८० मीटरच्या आतले चढ तर दिसतही नाहीत. मधल्या उतारांवर विश्रांती मिळते असे वाटते, पण तिथेही बोटे ब्रेकवर आवळलेली असतात, मान ताठ असते आणि डोळे रस्त्यावरच्या खडीवर असतात. उताराचा वेग पुढच्या चढाला कामी येईल म्हणावे, तर उताराच्या तळाशी नेमका अरुंद पूल, वाडी, गतिरोधक किंवा रस्त्यात बसलेली गुरे असतात. वेग तिथे मरतो आणि चढ शून्यापासून सुरू होतो. घाटात एकदा लय सापडली की ती माथ्यापर्यंत टिकते. किनाऱ्यावर ती दिवसातून आठ-दहा वेळा नव्याने शोधावी लागते. म्हणून तुम्ही एकूण उंचीला एकूण अंतराने भागून पाहा. दर १० किलोमीटरला १०० मीटरच्या आत असेल, तर प्रवास सौम्य आहे. १५० च्या पुढे गेला, तर तो डोंगरी प्रवास आहे असे समजून वेळ राखा. ही मोजपट्टी माझी स्वतःची आहे, पण नव्या सोबत्यांच्या बाबतीत ती मला उपयोगी पडली आहे.

परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्या तुमच्या तुम्हालाच जोखाव्या लागतील. एप्रिल-मे महिन्यात हवा इतकी दमट असते की घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही आणि जानेवारीत सहज जमलेला चढ दुपारी अकरानंतर जमत नाही. पावसाळ्यात सावलीतल्या वळणांवर शेवाळ धरते; तिथे उभे राहून पेडल मारले की मागचे चाक जागीच घसरते, म्हणून बसूनच चढावे. मागच्या कॅरियरवर आठ किलो सामान बांधले, तर वर दिलेल्या वॅटच्या आकड्यांत सुमारे एक दशांश भर पडते. शिवाय आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो, त्यामुळे डाव्या तीव्र वळणावर आपण वळणाच्या आतल्या कडेला येतो, जिथे रस्ता सर्वांत उभा असतो. मागून वाहन नसल्याची खात्री करून हातभर बाहेरून वळलात, तर तेच वळण पुष्कळ हलके जाते.

तुमच्यापुरते सांगायचे, तर निघण्यापूर्वी मागचा चक्रांचा संच (कॅसेट) काढून सर्वांत मोठे चक्र ३४ दात्यांचे असलेला संच बसतो का, हे सायकलच्या दुकानात विचारा. मागचा गियर बदलणारा भाग तेवढे मोठे चक्र पेलू शकला पाहिजे आणि चेनही बहुधा थोडी लांब लागेल. तसे झाले, तर १० टक्के चढावर ६० फेऱ्यांना २२५ ऐवजी साधारण १८५ वॅट पुरतील आणि वेग ताशी साडेसात किलोमीटरवर येईल. एवढ्यानेही तुम्ही ज्या चढावर उतरलात, तो बसून पार होण्याची शक्यता बरीच वाढते. मग त्याच चढावर आठवड्यातून एकदा, सकाळी, आधी अर्धा तास सपाटीवर फिरून जा. एकदा चढा, सावकाश उतरा, पुन्हा चढा. सलग तीनदा न उतरता वर आलात की गुहागरहून निघायला हरकत नाही. दिवस मात्र थंडीतला निवडा, उजाडताच निघा आणि तवसाळच्या फेरीबोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून ठेवा. बोट पकडण्याच्या घाईत चढलेला चढ नेहमी एक श्रेणी वरचा वाटतो.